शिशाचा गोळा

चर्चमधली कामं दोन तऱ्हेची. एक दिसणारी, दुसरी न दिसणारी. वेदीवर फुलं ठेवायला सहा बायका एकमेकींच्या अंगावर पडतात, आणि त्याच फुलदाण्यांतलं कुजलं पाणी ओतायची वेळ आली की सहाही जणींच्या कमरा एकाच दिवशी धरतात. शास्त्रपाठ वाचायला माणसं महिनाभर आधी नाव लावून ठेवतात. सतरंजी झटकायला कुणी नाव लावल्याचं ऐकिवात नाही.

या हिशेबात मास्तर सगळ्यांत वरच्या ओळीत. एकतीस वर्षं ते चर्चचा ऑर्गन वाजवत होते. मांडीशी घ्यायची पेटी नव्हे; भिंतभर नळ्या असलेला, दोन मजली पट्ट्यांचा, एक खुंटी ओढली तर कोकरासारखा बोलणारा आणि सगळ्या ओढल्या तर छत हलवणारा ऑर्गन. या काळात पाळक पाच झाले, मास्तर एकच. ज्यांच्या बाप्तिस्म्याला त्यांनी वाजवलं त्यांच्या लग्नालाही वाजवलं, आणि काहींच्या बाबतीत तर त्यापुढचंही वाजवून झालं होतं. प्रवचन लांबलं की मास्तर एक बोट एका पट्टीवर हलकेच टेकवत, बस्स. पाळकसाहेब पुढच्याच वाक्याला ‘आमेन’ म्हणत.

पण त्यांची खरी कीर्ती शेवटच्या कडव्याची. गीत कुठलंही असो, शेवटच्या कडव्याला मास्तर एकेक खुंटी आत ढकलत जात आणि ऑर्गन इतका हळू होई की मंडळीला स्वतःचाच आवाज ऐकू येई. लोकांचे डोळे भरत. पाहुणे म्हणत, “याला म्हणतात कला!” मास्तर मान खाली घालत. कलाबिला काही नव्हतं ते. तिसऱ्या बाकावर त्यांची बायको बसायची. आवाज बारीक, सदा किंचित सर्दी झाल्यासारखा; ऑर्गन जोरात असला की बुडून जायचा. तो कानावर पडावा म्हणून शेवटचं कडवं हळू. ती जाऊन नऊ वर्षं झाली. कडवं हळूच राहिलं.

आता ऑर्गन म्हटला की त्याला वारा लागतो. हा वारा नळ्यांच्या मागच्या अंधाऱ्या बोळात तयार व्हायचा. तिथे खाटेएवढा चामड्याचा भाता, त्याला एक लांब लाकडी दांडा, आणि दांड्याशी एक माणूस. विजेची मोटार बसवायचा ठराव समितीत तीनदा झाला होता. तिन्ही वेळा मोटार कुठल्या बाजूला बसवायची यावरून सभा मोडली. म्हणून एकतीस वर्षं तो दांडा एकाच माणसानं ओढला. त्याला सगळे भातेकाका म्हणत. त्याचं खरं नाव काय, हे दाखल्याच्या वहीत असणार. वाकून आत जायचं, उपासना संपली की वाकून बाहेर यायचं. बाहेर येईपर्यंत मंडळी चहाला पोचलेली असायची.

पावसाळा सरला आणि भातेकाकांची छाती गेली. जिना चढताना बसले ते त्यांना उठवेना. डॉक्टरांनी सांगितलं, दांडा सोडाच, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही.

मग शोधाशोध सुरू झाली. गायकवृंदातला एक धट्टाकट्टा गडी आला. त्यानं विहिरीतून पाणी उपसल्यासारखा भाता हाणला आणि ऑर्गनला उचक्या लागल्या. दुसरा आला, त्यानं पहिला प्रश्न केला, “इथून आपण मंडळीला दिसतो का?” नाही म्हटल्यावर पुढच्या रविवारी त्याचा घसा बसला. भाता घशानं ओढत नाहीत, पण असो. तीन रविवार ऑर्गन मुका राहिला. खजिनदारांनी समितीत सुचवलं, “माझ्या भाच्याकडे एक कीबोर्ड आहे. बटण दाबलं की तालसुद्धा आपोआप येतो. हवा नको, पाणी नको.”

मास्तर भातेकाकांच्या समाचाराला गेले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या खोलीवर. दोन खिडक्यांची खोली, एक खाट, आणि भिंतीला लागून शिलाईचं टेबल. त्यावर भातेकाकांची लेक शर्टांना काजं करत बसलेली. तिशीची असेल. शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची आणि उरलेलं काम घरी आणायची. मास्तर तिला ओळखत होते ते एवढंच, की शनिवारी ती बापाबरोबर ऑर्गन पुसायला येते.

“मास्तर, एक कबूल करायचं राहिलंय,” भातेकाका म्हणाले. “तुमचा नियम होता ना, पट्टीला कुणी हात लावायचा नाही म्हणून.”

“होता.”

“हिनं लावला. बारा वर्षं. दर शनिवारी, मी पुसत असताना. वारा नसायचा, त्यामुळे कुणाला कळलं नाही.”

मास्तरांना क्षणभर समजेना. “म्हणजे? नुसत्या पट्ट्या दाबायची? आवाजाशिवाय?”

लेक मान वर न करता म्हणाली, “आवाज मनात असतो की.”

त्या दिवशी मास्तरांनी तिला चर्चमध्ये नेलं, स्वतः बोळात शिरले, कसाबसा दांडा ओढला आणि म्हणाले, वाजव. तिनं एक गीत वाजवलं. बारा वर्षं मुक्या पट्ट्यांवर शिकलेली ती; पहिला सूर उमटला तेव्हा ती इतकी दचकली की हात काढून घेतला. मग पुन्हा ठेवला. चुका होत्या. पण बोटं अशी पडत होती, जशी काजाला टाके पडतात: एकाशेजारी एक, एकही सैल नाही.

घरी येऊन मास्तर बराच वेळ कोट न काढता बसून राहिले. घर तीन खोल्यांचं, माणूस एक. दोन खोल्यांत त्यांनी दिवे लावणं सोडून दिलं होतं. पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याची उपासना व्हायची. ज्या प्रभूनं गुरू असून शिष्यांच्या पायांशी पाण्याचं भांडं ठेवलं, त्याची आठवण म्हणून. एकतीस वर्षं ती उपासना मास्तर बघत आले होते, पण बैठकीवरून, वाजवता वाजवता. त्यांचे पाय ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर अडकलेले असायचे, त्यामुळे धुवायला कधी कुणाच्या हाती लागले नाहीत. हात वरच्या पट्ट्यांवर अडकलेले, त्यामुळे त्यांनीही कुणाचे धुतले नाहीत. फार सोयीची जागा होती ती, हे त्यांच्या आज लक्षात आलं. त्यांनी प्रार्थना केली. उत्तर आलं असं ते पुढेही कधी म्हणाले नाहीत. उठून कोट काढला, इतकंच.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना म्हणाले, “वाजवेल ती. दांडा मी ओढतो.”

“मास्तर, तुम्ही? बोळात?”

“का? माझ्या हाडांना बोळ वर्ज्य आहे?”

इथे खरं ते सांगायला हवं. हा निर्णय निम्मा देवासाठी होता, पाव त्या लेकीसाठी, आणि उरलेला पाव मास्तरांना स्वतःलाच फार आवडला होता. मोठेपण सोडणाऱ्याला सोडताना कुणी तरी बघावं असं वाटतंच. आणि पाळकसाहेबांनी ती सोय केली. रविवारी त्यांनी व्यासपीठावरून सगळं जाहीर केलं: मास्तरांचं नाव, त्यांची वर्षं, त्यांचा त्याग. मंडळीनं मागे वळून वळून पाहिलं. पहिल्या बाकावरच्या काकूंनी रुमाल काढला. म्हणजे सेवा सुरू व्हायच्या आधीच सेवेचं बक्षीस पदरात पडलं होतं, आणि मास्तर वाकून त्या लहानशा दारातून आत गेले तेव्हा त्यांचं वाकणंही थोडं जास्तच वाकलेलं होतं.

आत एक मिणमिणता दिवा. दांड्यावर भातेकाकांच्या हातांनी दोन गुळगुळीत खळगे पडलेले. समोरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर, एका दोरीला शिशाचा गोळा लोंबत होता; दोरी कप्पीवरून जाऊन भात्याला बांधलेली. भाता भरला की गोळा खाली येणार, रिकामा व्हायला लागला की वर चढणार. माणसांचंही बरंचसं असंच असतं. भिंतीवर तांबड्या खडूची एक रेघ होती: गोळा हिच्या वर गेला की वारा संपला. बाकी सगळी भिंत पेन्सिलीनं लिहिलेली. गीतांचे क्रमांक, आणि प्रत्येकापुढे कडव्यागणिक दांड्याचे हेलकावे किती, याचं टाचण. एकतीस वर्षांची नोंद. त्या दिवशी घाईत हे दिसलं नव्हतं; आता मास्तरांनी चष्मा सरसावून वाचलं. प्रत्येक गीताच्या शेवटच्या कडव्यापुढे भातेकाकांनी एकच शब्द लिहिला होता: ‘आराम’.

मास्तर त्या शब्दाकडे बघत राहिले. ज्या कडव्यासाठी लोक रडायचे, ते या माणसाच्या हिशेबी दम खायचं कडवं होतं.

पहिलं गीत नीट पार पडलं. दुसरंही. शेवटचं गीत मोठं, पाच कडव्यांचं. चौथं संपलं आणि पाचव्याला मास्तरांचा हात आपोआप सैल पडला. ठरवून नव्हे. एकतीस वर्षांची सवय, भिंतीवरचा तो ‘आराम’, आणि कान गेलेले तिसऱ्या बाकाकडे. नेमकी तेव्हाच बाहेर त्या लेकीनं सगळ्या खुंट्या ओढल्या. तिला शेवटचं कडवं हळू नको होतं. तिच्या मनात बारा वर्षं ते कडवं छत फोडून बाहेर जात होतं.

गोळा सरसर वर चढला. मास्तरांना दिसला तेव्हा तो तांबड्या रेघेच्या वर पोचला होता. त्यांनी दांड्यावर झेप घेतली, पण तोवर ऑर्गन भर उपासनेत असा हंबरत खाली बसला, की पुढच्या बाकावरचं तान्हं मूल दचकून रडू लागलं. मंडळीनं उरलेलं कडवं ऑर्गनशिवाय, वाट फुटेल तसं म्हणून संपवलं.

उपासनेनंतर मास्तर बाहेर आले तर पायऱ्यांवर सभाच भरलेली. लेक एका बाजूला, गीतांच्या वह्या छातीशी धरून उभी.

“झालं ते झालं,” खजिनदार म्हणाले. “मास्तर, तुम्ही संधी दिलीत, उपकार केलेत. पण शिवणकाम वेगळं आणि हे वेगळं. बसा पुन्हा तुमच्या जागेवर.”

“तिची काही चूक नाही,” मास्तर म्हणाले. “वारा मी दिला नाही. हात माझा थांबला.”

काकूंचा रुमाल पुन्हा बाहेर. “बघा! बघा कसं मन आहे! पोरीचा दोष अंगावर घेतायत.”

“अहो, घेत नाही, आहेच माझा!”

“असं तुम्हीच म्हणणार, मास्तर.”

“काकू, मी शपथेवर सांगतो…”

“शपथा नका घेऊ हो. आम्हाला कळत नाही का?” खजिनदारांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “नम्रता असावी तर अशी.”

मास्तर थक्क झाले. मान नावाची गोष्ट सोडली तरी सोडत नाही, चिकटलेल्या डिंकासारखी बोटाबरोबर येते. ते जितकं खरं बोलत तितकी त्यांची किंमत वाढत होती आणि त्या लेकीची उतरत होती. शेवटी पाळकसाहेबांनी मध्ये पडून तडजोड केली: आणखी एक रविवार. पुन्हा असंच झालं तर भाच्याचा कीबोर्ड.

लोक पांगल्यावर लेक म्हणाली, “मास्तर, तुम्ही खरं बोललात. पण तुमचं खरंसुद्धा माझ्याच नावावर चूक म्हणून लागलं.”

रागानं म्हणाली असती तर मास्तरांना सोसलं असतं. ती काजं मोजावीत तशी म्हणाली आणि निघून गेली.

संध्याकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, दुसऱ्या गावी असते. तिला सगळ्या बातम्या मास्तरांच्या आधी कळतात.

“अरे वेड्या, या वयात भाते ओढतोस? आईनं तुला तूप खाऊ घातलं ते याच्यासाठी?”

“कुणी तरी ओढायला हवा ना, ताई.”

“कुणी तरी म्हणजे तूच का? सेवाच करायची तर वाजवून कर. देवानं बोटं दिलीत, खांदे नाहीत. लहानपणी पाण्याचा तांब्या उचलताना मला हाक मारायचास.”

“वाजवणं सेवा होती की नाही, तेच बघतोय.”

ताई हळू आवाजात म्हणाली, “ती असती तर तुला आत जाऊ दिलं नसतं.”

“ती असती तर गेलोच नसतो,” मास्तर म्हणाले. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. पलीकडे ताईनं फोन ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते भातेकाकांकडे गेले. लेक दुकानात होती. भातेकाका उशाला टेकून बसले होते.

“काय झालं ते पोरीनं सांगितलं,” ते म्हणाले. “शेवटच्या कडव्याला हात सोडलात.”

“तुमच्याच भिंतीवर ‘आराम’ लिहिलंय.”

भातेकाका हसले, हसताना खोकले. “ते तुमच्यासाठी नव्हे हो, तुमच्यापायी लिहिलंय. तुम्ही बसलेले असलात तर आराम. ती बसली की सगळी भिंत पुसायची.”

“माझं लक्ष ऐकण्यात गेलं.”

“तिथंच घोडं अडलं. बोळातल्या माणसानं ऐकायचं नसतं. ऐकलं की मन वाजवायला लागतं, आणि मन वाजवायला लागलं की हात त्याच्यामागे जातो. बोळातलं काम एकच, गोळा. गाणं तिकडचं.” त्यांनी उशीखाली हात घातला, एक डबी काढली आणि मास्तरांच्या हातावर ठेवली. आत कापसाचे दोन बोळे होते, वापरून वापरून करडे पडलेले.

“हे काय?”

“कान बंद करायचे. नळ्यांच्या पाठीला फार दणका असतो. पहिल्याच महिन्यात घातले, ते घातलेच.”

मास्तरांनी एक बोळा बोटांत धरून पाहिला. “म्हणजे एकतीस वर्षं… माझं वाजवणं…”

“ऐकलं नाही, मास्तर,” भातेकाका संकोचून म्हणाले. “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कधी बोललो नाही. पण पाहिलंय. गोळ्यावर. तुमचा गोळा मी हजारांत ओळखेन. पहिली कडवी कशी ठाम, खाली-वर, खाली-वर. आणि शेवटाला तुम्ही थांबायचात. कुणी तरी मागे राहिलंय, त्याला येऊ द्यावं, तसे. मला वाटायचं, कुणासाठी थांबतो हा माणूस?”

मास्तरांनी डबी मिटली. साऱ्या मंडळीत हा प्रश्न एकाच माणसाला पडला होता, आणि त्यानं एक सूरही ऐकला नव्हता.

“होतं कुणी तरी,” ते म्हणाले.

“आलं का?”

“नऊ वर्षं नाही.”

भातेकाकांनी खिडकीशी ठेवलेला पाण्याचा पेला मागितला, मास्तरांनी तो दिला, आणि ते घोट घोट पाणी प्यायले.

आठवडाभर, लेकीचं दुकान सुटलं की, दोघं सराव करत. भिंत मास्तरांनी ओल्या फडक्यानं पुसली. पुसताना शेवटचे ‘आराम’ राहू दिले, मग परत जाऊन तेही पुसले. एकच, अगदी कोपऱ्यातला, हात पोचला नाही असं स्वतःला सांगून ठेवला. कापूस मात्र घालवेना. कान उघडे ठेवूनच जमवू, असं त्यांना वाटत होतं. बुधवारी सराव मध्येच थांबला आणि लाकडी पडद्यापलीकडून लेकीचा आवाज आला, “मास्तर!”

“काय गं?”

“तुम्ही आतून पाय आपटताय.”

“मी?”

“टक टक टक. ताल देताय. माझा ताल तो नाही.”

मास्तरांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. तो आणखी एकदा आपटला.

शुक्रवारी तिनं बोळाच्या दाराशी येऊन विचारलं, “खरंखरं सांगा, शेवटचं कडवं मी तुमच्यासारखं हळू वाजवू का? लोकांना तेच हवंय. रविवार निभावून जाईल. मला चालेल.”

दार लहान, तिचा चेहरा वाकलेला, अर्धा उजेडात. रविवारी पुन्हा बिनसलं तर तिची जागा जायची होती आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. होय म्हणणं किती सोपं होतं! तिसरा बाक राहिला असता, हळू कडवं राहिलं असतं, आणि वर ती लेकही तरली असती. तिन्ही बाजूंनी फायद्याचा सौदा. अशा सौद्यात एक माणूस हमखास बुडतो, आणि तो कोण हे मास्तरांना दिसत होतं.

“तुझ्या मनात कसं आहे?” त्यांनी विचारलं.

“सगळ्या खुंट्या.”

“मग सगळ्या.”

“वारा पुरेल?”

“ते तू बघायचं नाहीस. ते इकडचं काम.”

रविवारी खजिनदारांचा भाचा कीबोर्ड घेऊनच आला होता. पिशवीत घातलेला, पहिल्या बाकाशी उभा केलेला, एखाद्या आगाऊ वारसदारासारखा. पाळकसाहेबांनी या वेळी काही जाहीर केलं नाही. मास्तर वाकून आत गेले. कुणी मागे वळलं नाही. एका रविवारात त्यांच्या वाकण्याची मंडळीला सवय झाली होती. त्यांनी डबी उघडली आणि भातेकाकांचे बोळे कानात घातले.

जग एकदम लांब गेलं. स्वतःचा श्वास तेवढा राहिला, डोक्याच्या आत कुणी चालतंय असा. हात खळग्यांत बसले. गोळा हलला, म्हणजे गीत सुरू झालं होतं.

सूर नाही, शब्द नाही, माणसं नाहीत. पाठीला नळ्यांची थरथर, आणि डोळ्यांसमोर शिशाचा एक तुकडा. मास्तरांना आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, रिकाम्या घरातही नाही. घरात निदान घड्याळ होतं. पण थोड्या वेळानं त्यांना तो गोळा दिसू लागला. तो भातेकाकांनी वर्णन केला तसा ठाम खाली-वर नव्हता. तो लहान लहान पावलं टाकत होता, नेटकी, एकाशेजारी एक. मध्येच जराशी धाव. पुन्हा नेटकी पावलं. हा हात वेगळा होता. तो कसा वाजतो हे मास्तरांना कळणार नव्हतं. तो आहे, एवढं दिसत होतं.

शेवटच्या गीताचं चौथं कडवं गोळ्यानं संपवलं. मास्तरांच्या बोटांनी सवयीनं सैल व्हायला सुरुवात केली. कानाशी हात नेऊन कापूस काढावा, एकदाच, तिसऱ्या बाकाकडे कान लावावा, असं त्यांना इतकं वाटलं की उजवा हात दांड्यावरून सुटलाही. गोळा उसळला.

हात परत खळग्यात गेला. त्यांनी दांडा ओढला, खाली रेटला, पुन्हा ओढला. गोळा रेघेकडे चढत होता, ते त्याला खाली आणत होते. तो पुन्हा चढत होता, ते पुन्हा आणत होते. सगळ्या खुंट्या. पाठीमागच्या नळ्या अशा थरथरत होत्या की दिव्याची काच वाजत असावी. खांद्यात कळ गेली, चष्मा नाकावरून घसरला, कोपऱ्यातला तो उरलेला ‘आराम’ डोळ्यांसमोर धूसर झाला. “प्रभू,” ते म्हणाले, किंवा म्हणाले असावेत. त्यांना स्वतःलाही ऐकू आलं नाही.

मग गोळा सावकाश खाली आला आणि थांबला. पुन्हा दोनदा किंचित हलला: आमेन. पुन्हा थांबला.

ते वाकून बाहेर आले तेव्हा ऑर्गनच्या बैठकीभोवती माणसांचं कडं झालं होतं. मध्ये लेकीचा नुसता भांग दिसत होता. खजिनदारांचं तोंड उघडत-मिटत होतं, हात हवेत. काकूंचा रुमाल बाहेर होता, पण तोंड तिकडे. कीबोर्डाची पिशवी भाच्यानं परत खांद्याला लावली होती. मास्तर थोडा वेळ उभे राहिले. कुणाचीही मान वळली नाही. जे मागितलं होतं, न दिसणारं काम, ते शेवटी मिळालं होतं, पुरेपूर, आणि ते हातात घेऊन कुठे ठेवायचं हे त्यांना कळेना.

एक अनोळखी बाई, बहुधा कुणाची तरी पाहुणी, त्यांच्या समोर येऊन काही बोलली. त्यांनी कानाकडे बोट दाखवलं. तिनं समजून मान हलवली आणि वर उघड्या खिडकीकडे हात केला: वारा येतोय, लावता का? मास्तरांनी लांब काठीनं खिडकी ओढून घेतली. बाईनं हसून हात जोडले, जसे कुठल्याही गड्याला जोडतात, आणि ती गेली.

तिसऱ्या बाकावर कुणाचं तरी गीतांचं पुस्तक उघडं राहिलं होतं. त्यांनी ते मिटून जागेवर ठेवलं आणि ते तडक भातेकाकांच्या खोलीवर गेले. जिन्यावर दोनदा थांबावं लागलं.

भातेकाका दाराकडे तोंड करूनच बसले होते. मास्तर खाटेच्या कडेला टेकले, डाव्या कानातला कापूस काढला आणि डबीत ठेवला.

“गोळा?” भातेकाकांनी विचारलं.

“रेघेच्या खाली.”

“शेवटपर्यंत?”

“एकदा उसळला. आणला खाली.”

“कशी वाजवली हो पोरीनं?”

“ऐकलं नाही,” मास्तर म्हणाले.

भातेकाकांनी मान हलवली, जशी कारागीर दुसऱ्या कारागिराच्या कामाकडे बघून हलवतो. “मग जमलं.” थोड्या वेळानं म्हणाले, “कप्पीला दोन महिन्यांनी तेल लागतं. चामडं थंडीत आखडतं, आधी दहा-बारा रिकामे हेलकावे द्यायचे.”

“बरं.”

“आणि मास्तर, तो दुसऱ्या कानातला काढा की. राहिलाय.”

मास्तरांनी कानाला हात लावला. खाली रस्त्यावर लेकीची पावलं ऐकू येतात का, इकडे त्यांचा डावा कान होता. उजव्या कानात अजून ते लांब गेलेलं जग होतं, आणि त्याच्या आत, अगदी आत, कुणी तरी किंचित सर्दी झाल्यासारखं गात होतं.

“राहू दे थोडा वेळ,” ते म्हणाले.